शाळेच्या नियमावलीवरील स्वाक्षरी : पालक नेमके काय मान्य करतात?

बोम्मसंद्रा (बंगळूरु) : मे महिन्याच्या अखेरीस कर्नाटकातील शाळा उघडतात आणि नव्या पुस्तकांबरोबर दप्तरातून आणखी एक वस्तू घरी येते. ती म्हणजे शाळेची डायरी किंवा नियमपुस्तिका. आरंभी शाळेचे बोधवाक्य, प्रार्थना आणि सुट्ट्यांची यादी असते. त्यानंतर गणवेश, हजेरी, मोबाइल, वर्तन, शुल्क आणि शिस्तभंगाविषयीचे नियम येतात. शेवटच्या पानावर साधारणपणे एकच वाक्य असते : वरील सर्व नियम आम्ही वाचले असून ते आम्हांस मान्य आहेत. त्याखाली दोन ठिपक्यांच्या रेषा असतात, एक विद्यार्थ्यासाठी आणि एक पालकासाठी. स्वाक्षरी करून हे पान दुसऱ्या दिवशी वर्गशिक्षकांकडे द्यायचे असते.

आनेकल तालुक्यातील, होसूर रस्त्यालगतच्या बोम्मसंद्रा औद्योगिक परिसरात या पानाला वेगळा अर्थ प्राप्त होतो. नम्म मेट्रोच्या १० ऑगस्ट २०२५ रोजी उद्घाटन झालेल्या पिवळ्या मार्गिकेचे हे शेवटचे स्थानक. कारखाने, औषधनिर्मिती उद्योग आणि जवळची इलेक्ट्रॉनिक सिटी यांमुळे येथे देशाच्या अनेक भागांतून कुटुंबे येऊन राहिली आहेत. घराघरांत कन्नड, तमिळ, तेलुगू, हिंदी, उडिया, मराठी अशा निरनिराळ्या भाषा बोलल्या जातात. इंग्रजी माध्यमाच्या शाळेची नियमपुस्तिका मात्र इंग्रजीत असते. आई-वडिलांपैकी एखाद्याला ती पुरती वाचता येत नसली तरी 'वाचले आणि मान्य केले' या वाक्याखाली त्याला सही करावीच लागते. हीच स्थिती पुणे, ठाणे, सुरत किंवा हैदराबादच्या औद्योगिक उपनगरांतही आढळते.

सर्व काही सुरळीत असेल तोवर हे पान फाइलमध्ये पडून राहते. मुलाकडून चूक झाली, शाळेने त्याला घरी बसवले किंवा 'दाखला घेऊन जा' असे सांगितले, की तेच पान पुन्हा टेबलावर येते. 'तुम्हीच सही केली आहे', असे पालकांना सांगितले जाते आणि अनेक पालक तेथेच गप्प होतात. म्हणूनच या स्वाक्षरीचा कायद्यातील अर्थ समजून घेणे आवश्यक आहे.

थोडक्यात सांगायचे तर ही स्वाक्षरी प्रामुख्याने पोच असते. नियम आपल्यापर्यंत पोहोचले, एवढे ती सिद्ध करते. एखादा नियम कायद्याच्या विरुद्ध असेल तर सही झाल्याने तो वैध ठरत नाही. कायद्याने मुलाला दिलेले संरक्षण पालकांच्या सहीने संपत नाही. दुसऱ्या बाजूला, योग्य आणि वाजवी नियम सही न केल्याने रद्दही होत नाही.

करार, हमीपत्र आणि पोच

या तीन गोष्टींची व्यवहारात सरमिसळ होते. करार म्हणजे कायद्याने अंमलात आणता येईल असे परस्परांचे बंधन. हमीपत्र म्हणजे एका बाजूने दिलेले आश्वासन. पोच म्हणजे माहिती मिळाल्याची नोंद. नियमपुस्तिकेच्या शेवटच्या पानावर बहुधा या तिन्हींची भाषा एकत्र आलेली असते.

विद्यार्थ्याच्या सहीपुरते उत्तर स्पष्ट आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ११ नुसार अज्ञान व्यक्ती करार करण्यास पात्र नसते आणि सज्ञानतेचे वय १८ वर्षे आहे. मोहरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्येच निर्वाळा दिला की अज्ञान व्यक्तीने केलेला करार मुळातच शून्य असतो. कोलकात्यातील एका अज्ञान तरुणाने सावकाराकडे मालमत्ता गहाण ठेवल्याचे ते प्रकरण होते. सव्वाशे वर्षांनंतरही भारतीय न्यायालये हेच तत्त्व मानतात. त्यामुळे सहावी किंवा आठवीतील मुलाची सही त्याला कराराने बांधू शकत नाही. तिचे मोल शैक्षणिक आहे : नियम आपल्याला सांगितले गेले, आपण ते वाचले, याची जाणीव मुलाला व्हावी.

पालक सज्ञान असल्यामुळे त्यांच्या सहीला अधिक वजन आहे. शुल्क किती, ते कधी भरायचे, बसची सेवा कोणत्या अटींवर मिळेल, अशा बाबतींत पालक आणि शाळा यांच्यात खराखुरा व्यवहार होतो आणि तो दोघांवर बंधनकारक ठरू शकतो. पण त्यालाही मर्यादा आहे. करार कायद्याच्या कलम २३ नुसार ज्या कराराचा हेतू किंवा मोबदला कायद्याने निषिद्ध आहे, तो करार शून्य ठरतो. कलम २८ नुसार न्यायालयात जाण्याचा मार्ग पूर्णपणे बंद करणारी अटही टिकत नाही. 'शाळेचा निर्णय अंतिम राहील व त्याविरुद्ध कोठेही दाद मागता येणार नाही', असे वाक्य नियमपुस्तिकेत छापलेले असले आणि त्याखाली सही असली, तरी पालकांचा दाद मागण्याचा हक्क कायम राहतो.

नियमांच्या तीन जाती

नियमपुस्तिका वाचताना प्रत्येक नियमाचे मूळ कोठे आहे, हे पाहिले तर बराच गोंधळ कमी होतो.

पहिल्या प्रकारचे नियम शाळेचे नसतात. ते कायद्याचे किंवा परीक्षा मंडळाचे असतात आणि शाळा केवळ त्यांची आठवण करून देते. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या दहावी व बारावीच्या परीक्षेसाठी ७५ टक्के उपस्थितीची अट हे त्याचे उदाहरण. पालकांनी सही केली नाही तरी ही अट लागू राहते.

दुसऱ्या प्रकारात शाळेचे स्वतःचे नियम येतात. गणवेश, शाळेत येण्या-जाण्याची वेळ, मोबाइल आणण्यास मनाई, ग्रंथालय आणि प्रयोगशाळेतील वर्तन, गृहपाठ आदी बाबी यात मोडतात. संस्था चालवायची तर असे नियम करण्याचा अधिकार शाळेला असावा लागतो आणि न्यायालयेही सहसा त्यात हस्तक्षेप करीत नाहीत. मात्र नियम वाजवी असावा, आधी कळवलेला असावा आणि सर्वांना सारखा लागू असावा, ही अपेक्षा असते.

तिसऱ्या प्रकारचे नियम शाळेच्या अधिकाराबाहेर जातात. 'शिक्षकांनी शारीरिक शिक्षा केल्यास पालकांची हरकत असणार नाही', 'व्यवस्थापनास कोणतेही कारण न देता विद्यार्थ्याचे नाव कमी करता येईल', 'सहलीत काहीही घडल्यास शाळा जबाबदार राहणार नाही' अशी वाक्ये या वर्गात मोडतात. अशी अट छापणे सोपे असते, पण ती कायद्याच्या कसोटीवर टिकत नाही. सहलीच्या संमतिपत्रावर सही घेतल्याने, उदाहरणार्थ, निष्काळजीपणाबद्दलच्या फौजदारी जबाबदारीतून कोणाचीही सुटका होत नाही.

सहीने न संपणारे हक्क

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क कायदा, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वयोगटातील मुलांसाठी त्यातील काही तरतुदी नियमपुस्तिकेच्या कितीतरी वर आहेत.

कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी पूर्ण होईपर्यंत, कोणत्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत परीक्षा घेऊन अनुत्तीर्ण विद्यार्थ्याला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. पण शाळेतून काढून टाकण्यावरील बंदी तशीच राहिली. कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई करते आणि तसे करणाऱ्या व्यक्तीवर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई करावी, असे सांगते. त्याआधी, डिसेंबर २००० मध्ये, दिल्ली उच्च न्यायालयाने दिल्लीच्या शालेय नियमांतील शारीरिक शिक्षेला परवानगी देणारी तरतूद रद्द केली होती. ती तरतूद तर सरकारी नियमावलीत होती. जे सरकारी नियमाने टिकले नाही, ते खासगी शाळेच्या डायरीतील वाक्याने टिकण्याची शक्यता नाही.

कलम ५ हे बदलीच्या दाखल्याविषयी आहे. प्राथमिक शिक्षण घेणारे मूल या कलमाच्या कक्षेतील शाळेतून दुसऱ्या शाळेत जाऊ इच्छीत असेल, तर मुख्याध्यापकांनी दाखला तत्काळ द्यावा आणि दाखला मिळण्यास उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश नाकारू नये. कामानिमित्त गाव बदलणाऱ्या कुटुंबांसाठी ही तरतूद फार महत्त्वाची आहे. बोम्मसंद्रासारख्या ठिकाणी कंत्राट संपले की घर हलवावे लागते आणि दाखल्याविना मूल महिनोन्महिने घरी राहण्याची भीती असते.

येथे एक अपवाद लक्षात घ्यावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या प्रमती निकालानुसार अल्पसंख्याक शाळांना हा कायदा लागू नाही. महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने त्या निकालाविषयी शंका व्यक्त करून हा प्रश्न मोठ्या पीठाकडे नेण्यासाठी सरन्यायाधीशांकडे पाठवला. आपले मूल ज्या शाळेत आहे तिला अल्पसंख्याक दर्जा आहे काय, हे पालकांनी म्हणून विचारून घेणे चांगले.

लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा पोक्सो कायदा मात्र सर्वत्र लागू आहे. असा गुन्हा घडल्याचे कळल्यास पोलिसांना कळवणे त्याच्या कलम १९ नुसार बंधनकारक आहे आणि संस्थाप्रमुखाने ते टाळल्यास त्याला शिक्षा होऊ शकते. 'शाळेतील कोणतीही तक्रार प्रथम व्यवस्थापनाकडेच करावी आणि बाहेर वाच्यता करू नये', हा नियम अशा प्रसंगी लागूच होत नाही.

नववीनंतरची पोकळी

खरी अडचण आठवीनंतर सुरू होते. नववी आणि दहावीच्या विद्यार्थ्यांना शिक्षण हक्क कायद्यातील निष्कासनबंदीचे संरक्षण नसते आणि सहीचा आधार सर्वाधिक घेतला जाण्याची शक्यता याच वर्गांत असते. येथे मुलाच्या मदतीला येते ते नैसर्गिक न्यायाचे तत्त्व : आरोप काय आहे हे सांगा, मुलाचे म्हणणे ऐका, मग निर्णय घ्या.

उत्तर प्रदेशच्या परीक्षा मंडळाने १९५४ च्या परीक्षेतील तीन विद्यार्थ्यांचे निकाल गैरप्रकाराच्या आरोपावरून रद्द केले होते. त्यांना म्हणणे मांडण्याची संधी मात्र दिली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये घनश्याम दास गुप्ता प्रकरणात सांगितले की ज्या निर्णयाने विद्यार्थ्याच्या भवितव्यावर गंभीर परिणाम होतो, तो घेण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकणे आवश्यक आहे.

याचा अर्थ प्रत्येक शाळेने न्यायालय भरवावे असा नाही. रांचीच्या राजेंद्र वैद्यकीय महाविद्यालयातील काही विद्यार्थी रात्री मुलींच्या वसतिगृहात शिरल्याच्या प्रकरणात चौकशी समितीने मुलींचे जबाब आरोपी विद्यार्थ्यांच्या अनुपस्थितीत घेतले होते. मुलींना त्रास होऊ नये, हा त्यामागील हेतू होता. सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये हिरानाथ मिश्रा प्रकरणात ही पद्धत मान्य केली. सुनावणीचे स्वरूप परिस्थितीनुसार बदलू शकते, असे त्या निकालाने स्पष्ट केले. तेथेही विद्यार्थ्यांना आरोप सांगून त्यांचे म्हणणे घेतले गेले होते.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९७५ मध्ये गॉस विरुद्ध लोपेझ या खटल्यात असाच निर्णय दिला. ओहायो राज्यातील कोलंबस येथे विद्यार्थ्यांना सुनावणीविना दहा दिवसांपर्यंत निलंबित करण्यात आले होते. इतक्या अल्प निलंबनापूर्वीही आरोपाची सूचना आणि आपली बाजू सांगण्याची संधी मिळाली पाहिजे, असे न्यायालयाने ठरवले.

एक साधे उदाहरण घेऊ. नववीतील मुलीच्या दप्तरात मोबाइल सापडला. नियमपुस्तिकेत मोबाइलला मनाई आहे आणि पालकांची सही आहे. नियम होता आणि तो माहीत होता, एवढे सहीने सिद्ध झाले. पण फोन तिचाच होता काय, आईच्या आजारपणामुळे तो दिला होता काय, ही पहिलीच वेळ होती काय, यांची उत्तरे सहीत मिळत नाहीत. ती विचारल्यावरच मिळतात. फोन दिवसभर कार्यालयात ठेवणे आणि वर्षाच्या मध्यावर मुलीला शाळेतून काढणे या दोन्ही गोष्टी एकाच नियमाखाली बसवता येत नाहीत. शिक्षा चुकीच्या प्रमाणात असणे हा वाजवीपणाचाच भाग आहे.

दप्तर तपासण्याविषयीही हेच म्हणता येईल. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात जाहीर केले. तपासणी कोण करील, कशासाठी करील आणि मुलांना इतरांसमोर अपमानित न करता कशी करील, हे नियमात लिहिलेले असणे शाळेच्याही हिताचे आहे.

गणवेश, श्रद्धा आणि पूर्वसूचना

शिस्त आणि विवेकस्वातंत्र्य यांच्या संघर्षातील सर्वांत गाजलेले प्रकरण केरळचे आहे. जुलै १९८५ मध्ये तेथील तीन भावंडांना शाळेतून काढण्यात आले. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत. परंतु आपल्या धर्मश्रद्धेमुळे गात नसत. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट १९८६ रोजी बिजो इमॅन्युएल प्रकरणात त्यांना काढून टाकणे घटनाबाह्य ठरवून पुन्हा प्रवेश देण्याचा आदेश दिला. शिक्षण विभागाच्या परिपत्रकांना वैधानिक आधार नव्हता, हा त्या निकालातील महत्त्वाचा मुद्दा होता. मूलभूत हक्कावर निर्बंध घालायचा तर त्यामागे कायदा असावा लागतो, हे त्यातून दिसले.

गणवेशाच्या बाबतीत कर्नाटकाच्या नियमांत एक उल्लेखनीय तरतूद आहे. कर्नाटक शिक्षण कायद्याखालील १९९५ च्या नियमांतील ११ व्या नियमानुसार शाळेला स्वतःचा गणवेश ठरवता येतो. मात्र एकदा ठरवलेला गणवेश पाच वर्षे बदलता येत नाही आणि बदलायचा असल्यास पालकांना किमान एक वर्ष आधी सूचना द्यावी लागते. ज्या कामगार कुटुंबात दोन मुलांचे गणवेश घेताना महिन्याचा हिशेब बिघडतो, त्यांच्यासाठी या सूचनेचे महत्त्व मोठे आहे. शाळेच्या अधिकाराबरोबर शाळेचे कर्तव्यही एकाच नियमात येऊ शकते, याचा हा नमुना आहे.

हिजाबच्या वादात याच नियमांची चर्चा झाली. कर्नाटक उच्च न्यायालयाने १५ मार्च २०२२ रोजी गणवेशाचा निर्बंध वाजवी ठरवला. सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी १३ ऑक्टोबर २०२२ रोजी परस्परविरोधी निकाल दिले. पुढे मुंबईत चेंबूरच्या ना. ग. आचार्य आणि दा. कृ. मराठे महाविद्यालयाच्या पेहरावविषयक सूचनांविरुद्धची विद्यार्थिनींची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने २६ जून २०२४ रोजी फेटाळली; परंतु सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑगस्ट २०२४ रोजी त्या सूचनांतील हिजाब, टोपी आणि बिल्ल्यांविषयीच्या भागाला अंतरिम स्थगिती दिली. या प्रकरणांत मतभेद तीव्र आहेत. तरीही वादाचा केंद्रबिंदू नियम करण्याचा अधिकार आणि विद्यार्थ्याचे हक्क हाच राहिला; कोणी कोठे सही केली, यावर हा प्रश्न सुटत नाही.

सहीमागे कायदा असतो तेव्हा

महाविद्यालयात प्रवेश घेणाऱ्या प्रत्येकाला परिचित असलेले रॅगिंगविरोधी शपथपत्र हे सहीचे वेगळे उदाहरण आहे. मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातील वैद्यकीय महाविद्यालयाचा विद्यार्थी अमन काचरू याचा रॅगिंगमुळे मृत्यू झाला. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने रॅगिंगविरोधी विनियम लागू केले. त्यांनुसार विद्यार्थी आणि पालक या दोघांनाही शपथपत्र द्यावे लागते. निलंबन, वसतिगृहातून काढणे, एक ते चार सत्रांसाठी बडतर्फी अशा शिक्षा विनियमांतच नमूद आहेत. महाराष्ट्रात तर रॅगिंगबंदीचा स्वतंत्र कायदा १९९९ पासून आहे.

येथे शिक्षेचे बळ शपथपत्रातून येत नाही. ते कायद्यातून येते. शपथपत्र 'मला माहीत नव्हते' ही सबब काढून घेते. शिवाय हेच विनियम संस्थेवरही जबाबदारी टाकतात : रॅगिंगविरोधी समिती नेमणे, पथक ठेवणे, तक्रारीवर कारवाई करणे. सही दोन्ही बाजूंना जागे ठेवते.

याउलट, सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने फहिमा शिरीन प्रकरणात वसतिगृहाचा एक नियम अमान्य केला. कोझिकोड जिल्ह्यातील महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहात सायंकाळी ६ ते रात्री १० या वेळेत मोबाइल वापरण्यास मनाई होती. हा नियम न मानणाऱ्या विद्यार्थिनीला वसतिगृह सोडावे लागले. इंटरनेट हे आज शिक्षणाचे साधन आहे आणि असा सरसकट निर्बंध शिक्षणाच्या व खासगीपणाच्या हक्काला बाधा आणतो, असे सांगून न्यायालयाने तिला पुन्हा प्रवेश देण्याचा आदेश दिला. ती सज्ञान विद्यार्थिनी होती. शाळकरी मुलांना हा निकाल जसाच्या तसा लागू करता येणार नाही. तथापि नियमामागे कारण असावे आणि उपाय कारणाशी जुळावा, ही कसोटी दोन्हीकडे सारखीच आहे.

इंग्लंडने करून पाहिलेला प्रयोग

शाळा आणि घर यांच्यातील लेखी समझोत्याचा मोठा प्रयोग इंग्लंडमध्ये झाला. १९९८ च्या शालेय कायद्याने तेथील सरकारी निधीवर चालणाऱ्या शाळांना असा समझोता तयार करणे बंधनकारक केले. त्यात शाळेची उद्दिष्टे, शाळेची जबाबदारी, पालकांची जबाबदारी आणि विद्यार्थ्याकडून अपेक्षा असे भाग असत. पालकांना सही करण्याची विनंती केली जाई.

मात्र कायद्याने तीन कुंपणे घातली होती. सही केली नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नसे. सही केली नाही म्हणून मुलाला शाळेतून काढता येत नसे. आणि समझोत्याचा भंग झाला तरी त्यातून करारभंगाची किंवा नुकसानभरपाईची जबाबदारी उद्भवत नसे. पुढे २०१५ च्या कायद्याने ही सक्ती उठवली आणि २०१६ पासून असा समझोता करायचा की नाही, हे शाळांवर सोडण्यात आले.

या प्रयोगाकडे पाहिले तर आपल्याकडील शेवटच्या पानातील उणीव ध्यानात येते. आपल्या पुस्तिकेत पालक आणि विद्यार्थी यांनी काय करावे याची यादी असते. शाळा काय करील याची यादी सहसा नसते. तक्रार किती दिवसांत ऐकली जाईल, मुलाला शिक्षा करण्यापूर्वी पालकांना कसे कळवले जाईल, निर्णयाविरुद्ध कोणाकडे जायचे, हे लिहिलेले क्वचितच आढळते.

शाळेची बाजू

या चर्चेत शाळांची अडचण दुर्लक्षून चालणार नाही. एका वर्गात चाळीस-पन्नास मुले असतात. एका मुलाच्या दांडगाईचा त्रास इतरांना होतो आणि त्या इतर मुलांचे पालकही शाळेलाच जाब विचारतात. छळ करणाऱ्या मुलाला रोखले नाही तर ज्याचा छळ होतो तो शाळा सोडतो. 'आम्हाला कोणी सांगितलेच नव्हते', हा पालकांचा युक्तिवाद शिक्षकांना वारंवार ऐकावा लागतो. लेखी नियम आणि त्यांची पोच यांमुळे मनमानीही कमी होऊ शकते : ज्या शिक्षेचा उल्लेख नियमात नाही ती देताना शिक्षकालाही विचार करावा लागतो. नियम लिहिलेले नसतात तेथे शिक्षा माणूस पाहून ठरते आणि तिचा पहिला फटका बहुधा दुबळ्या घरातील मुलाला बसतो.

त्यामुळे सही नको असे म्हणणे हा उपाय नव्हे. सहीपूर्वी नियम समजावून सांगणे आणि सहीनंतर शाळेनेही ते पाळणे, हा उपाय आहे.

पालकांनी काय करावे

पहिली गोष्ट, नियमपुस्तिका आपल्याला समजेल अशा भाषेत मागावी. लेखी भाषांतर शक्य नसेल तर शाळेच्या पहिल्या पालकसभेत मुख्य नियम तोंडी समजावून सांगावेत, अशी विनंती करता येते. अनेक भाषा बोलणाऱ्या वस्तीत हे काम जाणते पालकही करू शकतात.

दुसरी गोष्ट, सही केलेल्या पानाची प्रत किंवा छायाचित्र स्वतःकडे ठेवावे. नियम वर्षाच्या मध्यावर बदलले तर आपण कोणत्या नियमांवर सही केली होती, हे त्यावरून दाखवता येते.

तिसरी गोष्ट, एखादी अट मान्य नसेल तर संपूर्ण पान परत करण्याऐवजी 'नियम मिळाले व वाचले. अमुक क्रमांकाच्या नियमाबाबत खुलासा अपेक्षित आहे', असे लिहून सही करता येते. पोच दिली जाते आणि हरकतही नोंदली जाते. मुलाची छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकण्याची किंवा माहिती इतरांना देण्याची संमती त्याच पानात मिसळलेली असेल तर ती वेगळी मागावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळण्याजोग्या संमतीची तरतूद आहे आणि त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होत आहे.

चौथी गोष्ट, मुलावर कारवाई झाली तर आरोप, पुरावा आणि निर्णय लेखी मागावा. तोंडी सांगितलेल्या 'उद्यापासून पाठवू नका' या वाक्यावर दाखल्यासाठी अर्ज करू नये. असा अर्ज दिला की कागदोपत्री मूल शाळेने काढलेले राहत नाही. पालकांनीच ते नेले, असे दिसते. नियमपुस्तिकेवरील सहीपेक्षा ही दुसरी सही अधिक महागात पडते.

पाचवी गोष्ट, दाद कोठे मागायची हे ठाऊक असावे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ नुसार स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. दोन्ही बाजूंना ऐकून तीन महिन्यांत तिचा निर्णय अपेक्षित आहे आणि त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. कर्नाटकात तालुक्याचे क्षेत्र शिक्षणाधिकारी आणि महाराष्ट्रात गटशिक्षणाधिकारी किंवा जिल्हा शिक्षणाधिकारी हे पहिले दार आहे. मुलाच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर १०९८ ही बालकांसाठीची मदतवाहिनी उपलब्ध आहे. महाविद्यालयीन रॅगिंगसाठी १८००-१८०-५५२२ हा क्रमांक आहे. खासगी विनाअनुदानित शाळेच्या प्रत्येक निर्णयाविरुद्ध थेट उच्च न्यायालयात रिट याचिका चालतेच असे नाही, त्यामुळे या प्रशासकीय मार्गांना विशेष महत्त्व आहे.

शेवटच्या पानावर दोन रेषा असतात. तेथे मुख्याध्यापकांसाठी तिसरी रेषा छापण्यास आणि तिच्या वर 'कारवाईपूर्वी विद्यार्थ्याचे म्हणणे ऐकले जाईल' एवढे एक वाक्य लिहिण्यास कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही. ते वाक्य नसले तरी कायद्याने मुलाला दिलेले संरक्षण कमी होत नाही. ते असले तर संध्याकाळी कामावरून परतून सही करणाऱ्या पालकाला निदान एवढे कळेल, की या पानाने शाळेलाही काही देणे लागते.